बाराव्या ‘ई’चा पाय

आधी हिशेब सांगतो. डबा रावपुऱ्यातल्या एका खेळण्यांच्या दुकानातून घेतला, ४८० रुपयांना. वर किंमत ६९९ छापलेली आहे. छापील किमतीला बडोद्यात कुणी वस्तू घेतली तर तो पाहुणा समजावा. आत १५ गुणिले १५ घरांचा घडीचा पट, अक्षरं छापलेले शंभर प्लॅस्टिकचे चौकोन, ते उभे करायला चार पट्ट्या, एक थैली आणि नियमांचा कागद. खेळ तोच, ज्याला सगळं जग स्क्रॅबल म्हणतं. हा अस्सल नव्हे, त्याचा स्वस्तातला भाऊबंद. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या चौकोनांना नात टाइल्स म्हणते. मी खिळे म्हणतो, छापखान्यात सुट्या अक्षरांना म्हणतात तसं, आणि या लेखात खिळेच म्हणणार आहे.

नातीनेच हट्ट धरला म्हणून घेतला. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, दिवसभर फोनमध्ये डोकं. एक दिवस म्हणाली, “आबा, थैलीतनं सात अक्षरं काढायची आणि त्यांचा इंग्रजी शब्द जुळवायचा. तुम्ही जन्मभर हेच केलंत ना?”

केलं खरं. १९७५ पासून २२ वर्षं मी दांडिया बाजारातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. मराठीत जुळारी. शिक्षण सातवी, तेही मराठी शाळेत, पण हात बसला तो इंग्रजी केसवर, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीवर. युनिव्हर्सिटीचे थिसिस यायचे, लग्नपत्रिका यायच्या, डॉक्टरांची लेटरहेडं यायची. इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही. अक्षर न् अक्षर वाचता यायचं, तेही उलटं. अर्थ तेवढा लागत नसे. प्रोफेसर प्रूफ तपासायला बसत आणि म्हणत, चूक एकही नाही. मला वाटायचं, ते ठीक आहे हो, पण लिहिलंय काय ते कुणी सांगेल का?

तर डबा घरी आला आणि कुठल्याही कंपोझिटरने जे पहिलं काम केलं असतं ते मी केलं. सगळे खिळे ताटात ओतले आणि अक्षरवार लावायला घेतले. छापखान्यात नवा टाइप आला की तो मोजून घ्यायचा, मग केसमध्ये भरायचा, अशी आमची शिस्त. ‘ई’ १२ हवेत, ‘ए’ आणि ‘आय’ नऊ-नऊ, ‘ओ’ आठ. ‘एन’, ‘आर’, ‘टी’ सहा-सहा. ‘एल’, ‘एस’, ‘यू’, ‘डी’ चार-चार, ‘जी’ तीन. मग दोन-दोनवाली नऊ अक्षरं, आणि शेवटी ‘के’, ‘जे’, ‘एक्स’, ‘क्यू’, ‘झेड’ एकेकच. असे ९८, आणि दोन कोरे, जे कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात.

हे आकडे बघून मला पहिल्यांदा या खेळाबद्दल आदर वाटला. इंग्रजी केसमध्ये ‘ई’चा खण सगळ्यांत मोठा असतो आणि अगदी हाताशी असतो. ‘क्यू’, ‘झेड’, ‘एक्स’ कडेच्या बारक्या खणांत. ओळी जुळवणारं लायनो मशीन मी आयुष्यात एकदाच पाहिलं, मुंबईला. त्याच्या कळांच्या पहिल्या दोन उभ्या रांगा ‘ई-टी-ए-ओ-आय-एन’ आणि ‘एस-एच-आर-डी-एल-यू’ अशा होत्या. जास्त लागणारी अक्षरं आधी. आणि हा खेळ काढणारा माणूस, अल्फ्रेड बट्स, अमेरिकेतला आर्किटेक्ट. तिकडच्या मंदीत नोकरी गेली तेव्हा हे करत बसला. कुठलं अक्षर किती वेळा येतं ते त्याने वर्तमानपत्राची पहिली पानं मोजून काढलं. म्हणजे आमचंच काम, फक्त उलट्या दिशेने. स्क्रॅबल हे नाव मात्र त्याचं नाही, ते जेम्स ब्रुनो नावाच्या दुसऱ्याने १९४८ साली दिलं. ‘एस’ बट्सने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक शब्दाचं अनेकवचन करून लोक गुण लाटतील. छापखान्यात चार ‘एस’वर एक ओळसुद्धा धड झाली नसती.

आता माझ्या ताटाकडे या. ‘ई’ निघाले ११. ‘एफ’ निघाले तीन.

दोनदा मोजले. मग तिन्ही ‘एफ’ शेजारी-शेजारी ठेवून खिडकीशी नेले. खिळ्याच्या कोपऱ्यात त्या अक्षराचे गुण बारीक छापलेले असतात. ‘एफ’चे गुण चार. दोघांवर चार होते, तिसऱ्यावर एक. म्हणजे हा ‘एफ’ नव्हेच, हा बारावा ‘ई’ होता आणि त्याची सगळ्यांत खालची आडवी रेघ छापायची राहून गेली होती. पाय तुटलेला ‘ई’. नात हसून लोळली. मला हसू आलं नाही. बावीस वर्षांत असा खिळा छपाईच्या फर्म्यात गेला असता तर मालकांनी बोलणी घातली असती, आणि रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने खिळा उलटसुलट केला. “काका, एक अक्षर मां शुं फरक पडे? छोकरां रमशे.” मी म्हटलं, भाऊ, शंभरातली बारा अक्षरं ‘ई’ असतात, इंग्रजीचा अर्धा कारभार ‘ई’वर चालतो. तो म्हणाला, मग अकरावर चालवा. उघडलेला डबा बदलून मिळत नाही, कंपनीचा माल आहे, आम्ही फक्त विकतो, वगैरे जे असतं ते सगळं झालं. घरी आलो. नातीच्या काळ्या नेलपॉलिशने आगपेटीच्या काडीच्या टोकाने ती रेघ मी स्वतः ओढली. चांगली जमली आहे, फक्त बोटाला जरा उंच लागते.

आणि इथेच या डब्याचा खरा दोष. छपाई प्लॅस्टिकवर उठून आलेली आहे. थैलीत हात घालून बोट फिरवलं की कोरा खिळा गुळगुळीत लागतो, अक्षर खरखरीत. कोरा म्हणजे हुकमाचं पान. तो हाताला कळला तर खेळ कसला? स्पर्धेत खेळणारे लोक यासाठीच सपाट छपाईचे गुळगुळीत खिळे वापरतात. साध्या माणसाला कदाचित फरक कळणार नाही. मला कळतो, आणि नुसता कोराच नव्हे, ‘ओ’ आणि ‘आय’सुद्धा कळतात. शिशाच्या खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती बोटाला लागली की अक्षर सुलटं धरलंय हे न बघता समजतं. ज्या बोटांनी बावीस वर्षं ती खाच चाचपली त्यांना प्लॅस्टिकवरचा ‘ओ’ म्हणजे काय! पहिल्या दोन डावांत दोन्ही कोरे माझ्याकडे आले तेव्हा नातीला संशय आला, आणि खरं सांगायचं तर मलाही. आता मी डाव्या हाताने काढतो. कंपोझिटरच्या डाव्या हातात स्टिक असते, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी; खिळे उचलतो तो उजवा. डावा हात अजून अडाणी आहे.

थैलीबद्दल बोलण्यासारखं काही नाही. ट्यूबलाइटसमोर धरली तर आतली अक्षरं वाचता येतात. हिने खणाच्या उरलेल्या कापडाची दुसरी शिवून दिली.

पट बरा आहे. घडी बरोब्बर मधोमध येते, म्हणजे पहिला शब्द ज्यावरून गेला पाहिजे त्या चांदणीच्या घरावरच टेकडी तयार होते. रात्रभर वर पाटा ठेवला, आठवड्याने बसली. रंग मात्र नीट ओळखू येतात: अक्षराला दुप्पट, अक्षराला तिप्पट, शब्दाला दुप्पट, शब्दाला तिप्पट. पंखा दोनच्या पुढे नेला की खिळे सरकतात. बडोद्याच्या मे महिन्यात पंखा दोनवर ठेवून खेळणं म्हणजे तपश्चर्या आहे, पण तो दोष मी कंपनीच्या माथी मारत नाही.

खिळे उभे करायच्या पट्ट्या अगदीच टाकाऊ. खाच उथळ, जरा धक्का लागला की सातही जमिनीवर. शेवटी माळ्यावरून माझी जुनी पोलादी स्टिक काढली, घासून-पुसून. सात खिळे तिच्यात असे बसतात की जणू मापाने केली होती. नातीने तिचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. तिला वाटतं हा कुठल्या तरी महागड्या डब्यातला भाग आहे.

आता खेळाचं. पहिला महिना मी सरळ हरलो. हरेल त्याने सेव-उसळ आणायची असं ठरलं होतं. महिनाभरात उसळवाला मला बघून न सांगता दोन पुड्या बांधायला लागला. नियमांच्या कागदावर लिहिलंय की कुठलाही शब्दकोश वापरा. हा सल्ला भांडण लावायचा सल्ला आहे. घरातल्या शाळेच्या शब्दकोशात मला हवा तो शब्द कधीच नसे आणि तिला हवा तो नेमका असे. शेवटी तिने फोनवर कॉलिन्स शब्दकोशाची यादी घेतली. अमेरिका-कॅनडा सोडून बाकीच्या बहुतेक जगात स्पर्धा तीच मानते. ती यादी बघून मी थक्क झालो. दोन अक्षरी शब्दच २०१९च्या यादीत १२७. ‘क्यू-आय’ म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. ‘झेड-ए’ म्हणजे पिझ्झा! ‘ए-ए’ हा लाव्हाचा एक प्रकार, ‘ए-आय’ हा झाडावर लटकणारा एक आळशी प्राणी. ‘क्यू’ हातात अडकला आणि ‘यू’ नसला की माणूस रडकुंडीला येतो, त्याला यादीत ‘फकीर’ आहे, ‘तलाक’ आहे, ‘वक्फ’ आहे, ‘कव्वाली’सुद्धा आहे. आणि आपलंही बरंच सापडलं: रोटी, तूप म्हणून घी, बाजरा, जोवार, लाख, क्रोर, धोती. बंद, हरताळ, घेराव, धरणं. इंग्रजांनी इथून काय-काय नेलं त्याचा पंचनामा केल्यासारखी ती यादी वाटते.

एक डाव सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिली खेळी माझी. स्टिकमध्ये आले ‘ए, ई, एच, आय, पी, एस, डब्ल्यू’. डाव्या हाताचं नशीब. ‘व्हिप्स’ दिसत होता, चाबूक. ‘डब्ल्यू’ दुपटीच्या घरात धरला तर ३४ गुण. तेवढ्यात अक्षरं हलवता-हलवता हाताने ‘पी-ई-एस-एच-डब्ल्यू-ए’ लावलं. पेशवा. गंमत म्हणून पटावर ठेवलं, ‘डब्ल्यू’ दुपटीच्या घरात, ‘पी’ चांदणीवर.

“आबा, हे मराठी आहे,” नात म्हणाली. आतून हीसुद्धा ओरडली, “पेशवे इंग्रजीत कधी गेले हो?”

फोनवर बघितलं. आहे! पेशवा हे पद, कुणा एकाचं नाव नव्हे, म्हणून चालतं. बडोदा चालत नाही, ते विशेषनाम. ३६ गुण मिळाले आणि मी मिशीवर हात फिरवला. मग नातीला खोड सुचली. तिच्या फोनमध्ये एक ॲप आहे, सात अक्षरं टाका, त्यांतून होणारे सगळे शब्द बाहेर काढून दाखवतं. तिने माझी सातही अक्षरं त्यात टाकली. पहिल्या ओळीला उत्तर: ‘पी-ई-आय-एस-एच-डब्ल्यू-ए’. कंपनी सरकारचा साहेब पेशव्याला असाही लिहायचा, मध्ये ‘आय’ घालून. तोही शब्द यादीत आहे. सातही अक्षरं एकदम लागली की वर ५० गुण बक्षीस. ‘पी’ चांदणीवर, ‘एच’ दुपटीच्या घरात, एकूण ८८.

म्हणजे माझ्या स्टिकमध्ये एकटा ‘आय’ उरला होता, आणि त्या एका ‘आय’पायी ५२ गुण गेले. १७५१ साली दामाजीराव गायकवाडांना पेशव्यांनी कैदेत टाकलं होतं. गायकवाडांच्या गावात पेशव्यांनी पुन्हा एकदा लुटलं म्हणायचं.

त्या ॲपबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण डबा आणि ॲप आता आमच्याकडे जोडीने चालतात. फुकट आहे. दर दोन-तीन शोधांनंतर जाहिरात, ती संपेपर्यंत चहा होतो. अर्थ दाखवत नाही, नुसते शब्द. मला त्याची सवय आहे, नातीला राग येतो. हे इतक्या झटकन कसं शोधतं असं तिला विचारलं. मला वाटलं होतं अक्षरं सगळ्या तऱ्हांनी उलटसुलट करून बघत असेल. सात निरनिराळी अक्षरं ५,०४० तऱ्हांनी मांडता येतात, यंत्राला ते काय कठीण. तर म्हणे तसं करायची गरजच नसते. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवायची. ‘पेशवा’ असा ठेवायचा: ‘ए-ई-एच-पी-एस-डब्ल्यू’. तुमची अक्षरंही त्याच क्रमाने लावायची आणि त्या नावाचा खण उघडायचा. त्यात जे असेल ते उत्तर. कमी अक्षरांचे शब्द हवेत तर एक-दोन अक्षरं गाळून पुन्हा तेच.

हे मला ताबडतोब समजलं. ही केस आहे! खण ठरलेला, हात थेट तिथे जातो, शोधाशोध नाही.

एका खणात किती माल असू शकतो ते बघायला तिने ‘ए-ई-आय-एन-आर-एस-टी’ टाकलं. ॲप बंद ठेवून आधी आपापले शब्द लिहायचे ठरलं. तिला ‘नॅस्टियर’, ‘रिटेन्स’ आणि ‘अँट्सियर’ सुचले. मला ‘रेटिनाज’ (डोळ्यांच्या डॉक्टरांची लेटरहेडं), आणि मग बोटं थांबली आणि पुन्हा हलली: ‘एस-टी-ई-ए-आर-आय-एन’. तिने हा शब्द कधी ऐकला नव्हता. मीही कधी ऐकला नव्हता, जुळवला होता. तेलांवरच्या एका थिसिसमध्ये पानोपानी होता, ऐंशीच्या सुमारास. स्टिअरिन, एक प्रकारची चरबी, मेणबत्त्यांत घालतात; हे मला परवा नातीने सांगितलं. बाकीचे ॲपने दिले: ‘स्टेनर’, ‘रॅटीन’ नावाचं जाडंभरडं कापड, ‘रेटसिना’ नावाची राळेच्या वासाची ग्रीक दारू. शिवाय आणखी काही, जे वाचूनही मला कळले नाहीत.

न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स म्हणून एक खेळाडू आहे. इंग्रजीत पाच वेळा जगज्जेता. २०१५ साली तो फ्रेंच भाषेतल्या स्पर्धेत उतरला आणि तिथेही जगज्जेता झाला, फ्रेंच बोलता येत नसताना. नऊएक आठवडे शब्दांची यादी पाठ केली होती म्हणे. नात हे अचंब्याने सांगत होती. मला त्यात नवल वाटलं नाही. अर्थ कळला तर उलट हात थबकतो. आमच्या छापखान्यात सगळ्यांत जास्त चुका बी.ए. झालेला मुलगा करायचा, कारण तो वाचत-वाचत जुळवायचा आणि मजकुरात नसलेला शब्द मनाने घालायचा.

तर ॲपचा आमचा नियम असा: डाव चालू असताना फक्त शब्द आहे की नाही एवढं बघायचं. सातही अक्षरं टाकून विचारायचं ते डाव संपल्यावर, पट आवरायच्या आधी. मधेच बघितलं तर दंड, पुढची सेव-उसळ त्याच्याकडून. नात हा नियम मोडते, मला दिसतं, मी बोलत नाही.

डब्याला पाचपैकी किती तारे द्यायचे? खिळ्यांचं वजन चांगलं आहे, पडले तर आवाज येतो, अक्षराचा साचा ठसठशीत आहे. ‘एन’ आडवा पडला की ‘झेड’ दिसतो, पण कोपऱ्यातला आकडा बघितला की घोळ मिटतो. त्याला तीन. पट्ट्या आणि थैली मिळून शून्य. नियमांच्या कागदाचं इंग्रजी असं आहे की मलासुद्धा चुका दिसल्या. एकूण अडीच म्हणा. अस्सल डबा याच्या दुपटीहून महाग आहे. घरात दोनच माणसं खेळणार असतील आणि एकाला नेलपॉलिश चालवता येत असेल तर हा घ्या. मात्र दुकानातच उघडून मोजा. दुकानदार नाही म्हणाला तर निघायला लागा, दोन पावलांत तो हो म्हणतो.

गेल्या आठवड्यात त्याच दुकानावरून जात होतो. त्याने हाक मारली. “काका, बे मिनिट बेसो, आ त्रण डब्बा जरा गणी आपो ने.” कुणी तरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं असावं. चहा सांगितला त्याने. काउंटरवर वर्तमानपत्र पसरून तिन्ही डबे मोजले. पहिला बरोबर. दुसऱ्यात ‘डब्ल्यू’ तीन आणि ‘एम’ एकच. त्या तिसऱ्या ‘डब्ल्यू’च्या कोपऱ्यातला आकडा बघितला तर तीन होता, म्हणजे ‘एम’च, उलटा छापलेला. तिसऱ्यात ‘वाय’ एकही नव्हता. त्याने तो डबा बंद केला, टेप लावली आणि मागच्या फळीवर ठेवून दिला. माझ्या ‘ई’बद्दल मी पुन्हा विचारलं. चहा घ्या म्हणाला.